कॉम्प्युटर बंद पडला? आधी हिशेब वाचवू या

हाताशी कागद-पेन असेल तर घेऊन बसा. आज थोडं लिहून घेण्यासारखं आहे.

गटाचं काम आता नुसतं वहीवर राहिलेलं नाही. बचतीची यादी, कर्जाचे हप्ते, बैठकीचा ठराव, बँकेला द्यायचं पत्र, सगळं कॉम्प्युटरवर जातं. कुणाच्या घरी मुलाचा लॅपटॉप असतो, कुठे ग्रामसंघाच्या खोलीत जुना कॉम्प्युटर असतो. तो चालतो तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. एका सकाळी तो सुरू होत नाही आणि सगळ्यांचे हातपाय गळतात.

आम्हीही काही इंजिनिअर नाही. आमच्यातली कुणी बी.ए. झालेली, कुणी बारावी. पण दोनदा ठेच लागली आणि त्यातून जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली ठेच तीन वर्षांपूर्वीची. कार्यालयातला कॉम्प्युटर सुरू होईना. आम्ही तो उचलला, गाडीत घातला आणि तालुक्याला एका दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." आम्ही मान डोलावली. संध्याकाळी कॉम्प्युटर छान सुरू झाला, पण अगदी कोरा होऊन. दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. त्याने विचारलं नाही की आत काही महत्त्वाचं आहे का, आणि आम्ही सांगितलं नाही.

पुढे काय झालं ऐका. एका काकूंचं कर्ज पूर्ण फिटलं होतं. पण आम्ही जुन्या छापील कागदांवरून यादी पुन्हा तयार केली, तेव्हा त्यांच्या नावावर पाच हप्ते बाकी दिसायला लागले. भर बैठकीत त्यांचं नाव थकबाकीत वाचलं गेलं. काकू काही बोलल्या नाहीत, घरी गेल्या आणि पासबुक घेऊन आल्या. त्यावर प्रत्येक हप्त्याची सही होती, म्हणून निभावलं. पण चार बायकांसमोर त्यांची मान खाली गेली ती गेलीच. ती गोष्ट आम्हाला अजून टोचते.

दुसरी वेळ आली गेल्या मार्चमध्ये. चौदा गटांची कर्जमागणीची यादी दुसऱ्या दिवशी बँकेत द्यायची होती आणि स्क्रीनवर काळ्यावर पांढरी अक्षरं आली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. फोनवर सल्ला तोच मिळाला, "आणून टाका, फॉरमॅट मारू." या वेळी आम्ही म्हटलं, "थांबा, आधी आम्ही बघतो." बिघाड निघाला अगदी क्षुल्लक. तो कोणता, ते पुढे सांगतोच.

पेटीत काय काय असतं

आधी घरातल्या भाषेत ओळख करून घेऊ. ज्या पेटीला आपण सगळे सीपीयू म्हणतो, तिच्यात चार गोष्टी लक्षात ठेवायच्या.

एक, वीज देणारा डबा. त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज तो आतल्या नाजूक भागांना लागेल इतकी कमी करून देतो. पेटीच्या मागे पंख्याची जाळी आणि वायर लावायची जागा दिसते, तोच हा डबा.

दोन, रॅम. ही म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आत्ता जे काम चालू आहे ते ओट्यावर मांडलेलं असतं. लाईट गेली की ओटा रिकामा. म्हणून टाईप करता करता लाईट गेली तर सेव्ह न केलेलं काम जातं.

तीन, हार्ड डिस्क. ही म्हणजे कोठीची खोली. सेव्ह केलेलं सगळं इथे राहतं, लाईट गेली तरी. आपला हिशेब इथे असतो.

चार, विंडोज. ही वस्तू नाही, हा कारभार आहे. कोठीतून काय काढायचं, ओट्यावर काय ठेवायचं, प्रिंटरला काय सांगायचं, हे सगळं विंडोज बघतं.

आता मुख्य गोष्ट ऐका. कारभारी आजारी पडली म्हणून कोठीतलं धान्य नासत नाही. विंडोज बिघडलं म्हणजे हिशेब गेला असं नाही. हिशेब बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी असतो. तो जातो फॉरमॅटने, कारण फॉरमॅट म्हणजे कोठी रिकामी करून नव्याने मांडणं.

पहिली दहा मिनिटं आपली

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, तर दुकानाचा रस्ता धरण्याआधी एवढं करा.

बोर्डाला लाईट आहे का? त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून बघा. मग एक्स्टेन्शन, मग यूपीएस. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की तो स्वतःच कॉम्प्युटरला अडवतो. तो बाजूला काढून कॉम्प्युटर थेट बोर्डात लावून बघा. मग पेटीमागची वायर. ती सैल असते किंवा उंदराने कुरतडलेली असते. आमच्या एका गटाकडे नेमकं हेच झालं होतं. कुरतडलेली वायर दिसली तर हात लावू नका. आधी बोर्डाचं बटण बंद करा, मग पिन काढा. एसएमपीएसच्या मागे छोटं काळं बटण असतं, झाडताना तेही बंद झालेलं असू शकतं. काही जुन्या डब्यांवर लाल रंगाची ११५ आणि २३० लिहिलेली खिट्टी असते. ती २३० वरच असली पाहिजे. ११५ वर ठेवून सुरू केलं तर डबा जळतो.

सगळं ठीक असूनही सुरू झाला नाही, तर वायर काढा आणि सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते. पुन्हा वायर लावून सुरू करा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून हेच करा. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम भागतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. एसएमपीएसचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. जळका वास आला, धूर दिसला, तर बोर्डाचं बटण बंद करा आणि कॉम्प्युटर पुन्हा लावूच नका. ते काम मेकॅनिकचंच.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

आता दुसरा प्रकार. पेटीतून आवाज येतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. इथे आधी स्क्रीनचीच चौकशी करा. तिची वीज वेगळी असते, तिचं बटण वेगळं असतं. मागची निळ्या टोकाची वायर दोन्ही बाजूंनी काढून नीट बसवा आणि स्क्रू आवळा. ओढून बसवताना पिना वाकत नाहीत ना ते बघा.

तरी स्क्रीन काळीच, आणि पेटी बीप बीप करते? तो आवाज मोजा. किती वेळा वाजतो, लांब की तोकडा, ते लिहून ठेवा. कंपनीप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो, पण मेकॅनिकला तो फोनवर सांगितला तर अर्धं निदान तिथेच होतं. पुष्कळदा ही तक्रार रॅमची असते. आपल्याकडे धूळ फार, पावसाळ्यात दमट हवा. त्यामुळे रॅमच्या पिवळ्या पट्टीवर थर बसतो.

ज्यांनी एकदा कुणाकडून बघून शिकून घेतलं आहे, त्यांनीच हे करावं: वायर पूर्ण काढायची, पेटीच्या रंग न लावलेल्या पत्र्याला क्षणभर हात लावायचा, म्हणजे अंगावरची वीज उतरते. नायलॉनच्या साडीत थंडीच्या दिवसांत चटचट होतं ना, तीच ही वीज, आणि ती आतल्या भागांना मारक असते. मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून रॅम काढायची, पिवळी पट्टी मऊ खोडरबराने हलकेच पुसायची, रबराचा भुगा झटकायचा आणि खाच जुळवून, खट्ट आवाज येईपर्यंत बसवायची. ओलं फडकं नाही, तेल तर नाहीच नाही.

काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं

आमचा मार्चमधला बिघाड हा. मजकूर इंग्रजीत असतो, म्हणून आपण घाबरून जातो. घाबरू नका, मोबाईलने फोटो काढा. दुकानदाराला नुसतं "चालत नाही" सांगण्यापेक्षा हा फोटो पाठवा.

या अक्षरांचा अर्थ इतकाच की कॉम्प्युटर विंडोज शोधतोय आणि त्याला ते मिळत नाही. का मिळत नाही, त्याची कारणं वेगवेगळी. सगळ्यात सोपं कारण आधी बघायचं. आम्ही पेटीला लावलेलं सगळं काढायला घेतलं, फक्त कीबोर्ड आणि माऊस ठेवला. तेव्हा पेटीच्या मागे आदल्या दिवशीचा पेन ड्राईव्ह तसाच लावलेला सापडला! कॉम्प्युटर विंडोज शोधायला आधी त्या पेन ड्राईव्हमध्ये जात होता आणि तिथेच अडकत होता. तो काढला, पुन्हा सुरू केलं, विंडोज आलं. आमचा जीव भांड्यात पडला.

पण पेन ड्राईव्ह तर आम्ही पूर्वीही विसरलो होतो, तेव्हा असं झालं नव्हतं. मग आताच का? उत्तर स्क्रीनच्या कोपऱ्यात होतं. तारीख कित्येक वर्षं मागची दिसत होती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. लाईट नसताना घड्याळ ती चालवते. पुष्कळशा जुन्या कॉम्प्युटरांमध्ये विंडोज आधी कुठे शोधायचं ही आठवणही तिच्याच जिवावर असते. ती संपली की कॉम्प्युटर सगळं विसरतो.

तारीख चुकली की आणखी एक गंमत होते. बँकेची वेबसाईट उघडत नाही, "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असं सांगते. लोक नेटला दोष देतात, पण दोष घड्याळाचा असतो. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बॅटरी बदलली, तारीख लावली, काम झालं. घड्याळाच्या दुकानातसुद्धा ती मिळते.

पेन ड्राईव्ह काढूनही तीच अक्षरं येत असतील, तर डिस्कची वायर सैल असेल किंवा डिस्क खराब झाली असेल. पेटीतून टकटक, करकर असा आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. प्रत्येक वेळी सुरू केल्याने आतला हिशेब वाचायची शक्यता कमी होते.

विंडोज अर्ध्यावर अडकतं

कंपनीचं चिन्ह दिसतं, ठिपके गोल गोल फिरतात आणि पुढे काही नाही. आधी वाट बघा. अपडेट चालू असेल तर जुन्या कॉम्प्युटरवर तासभरही लागू शकतो. त्या वेळी वीज तोडली तर चांगलं विंडोजही बिघडतं. लोडशेडिंगची वेळ जवळ आली असेल तर अपडेट सुरूच करू नका.

विंडोज १० किंवा ११ लागोपाठ दोन-तीनदा सुरू होण्यात फसलं की ते आपणहून दुरुस्तीची निळी स्क्रीन दाखवतं. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' आधी करून बघा, त्याने फायलींना धक्का लागत नाही. 'सिस्टिम रिस्टोअर' कॉम्प्युटरची व्यवस्था आधीच्या तारखेवर नेतो. तुमच्या फाईली राहतात, मात्र त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. 'सेफ मोड'मध्ये विंडोज अगदी गरजेपुरतं उठतं. तिथे पोहोचलात तर पहिलं काम हिशेबाची प्रत काढून घेणं, बाकी नंतर.

'ट्रबलशूट'च्या यादीत 'रीसेट' आहे. तिथे सावध. ते दोन पर्याय विचारतं: फाईली ठेवू की सगळं काढू. 'ठेवू' म्हटलं तरी बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात, म्हणजे हिशेबाचा प्रोग्रॅमही जातो, आणि त्याच्या नोंदी कुठे साठवल्या होत्या त्यावर त्यांचं नशीब. प्रत हाती असल्याशिवाय या बटणाला हात लावू नका.

हळू चालतो म्हणून रागावू नका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडतो. ओटा भरलाय की कोठी अडखळतेय, ते तिथे आकड्यांत दिसतं. कोठी काठोकाठ भरली असेल तर लग्नाचे व्हिडिओ बाहेर काढा, रिसायकल बिन रिकामी करा. तरीही सुधारणा नसेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी नावाची डिस्क बसवून घेणं हा नवा कॉम्प्युटर घेण्यापेक्षा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून ती वेगाने चालते.

विंडोज १० वापरणाऱ्या मैत्रिणींनी हेही लक्षात घ्या, की कंपनीने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. कॉम्प्युटर चालतो, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. बँकेचं काम त्यावर करत असाल तर पुढची सोय काय, ते जाणकाराला विचारा.

खोटे बिघाड

काही बिघाड बिघाड नसतातच. मराठी पत्र उघडलं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर फाईल बिघडलेली नसते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये ती टाईप केलेली असते आणि तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नसतो. फाईल पुसू नका. पुढचं सगळं टायपिंग मात्र युनिकोडमध्ये करा, ते मोबाईलवरही दिसतं.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राईव्हमध्ये फाईलींच्या जागी बाण असलेली चित्रं दिसली, तर तो व्हायरस. फाईली बहुतेक वेळा आतच लपवलेल्या असतात. चित्रांवर क्लिक करू नका, पेन ड्राईव्ह फॉरमॅटही करू नका. अँटिव्हायरसने तपासा. लपलेल्या फाईली जाणकार परत दाखवू शकतो.

आणि कधी अचानक स्क्रीनभर लाल-निळा इशारा येतो, भोंगा वाजतो, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा." तो नंबर भामट्याचा असतो. खऱ्या विंडोजच्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. फोन करू नका, कुणी सांगितलेलं ॲप टाकू नका, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. पैसे गेलेच तर एक मिनिटही न दवडता १९३० या हेल्पलाईनवर कळवा.

फॉरमॅटला हो म्हणण्याआधी

काही वेळा फॉरमॅट खरंच लागतो. त्यात वाईट काही नाही. पण हो म्हणण्याआधी दुकानात एवढं बोला: "दादा, आत गटाचा हिशेब आहे. आधी त्याची प्रत काढा, ती आम्हाला उघडून दाखवा, मग फॉरमॅट करा." विंडोज सुरू होत नसलं तरी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून प्रत काढता येते, हे त्याला माहीत असतं. फाईली कुठे आहेत ते तुम्ही सांगा: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमचं फोल्डर. चुकून फॉरमॅट झालाच तर कॉम्प्युटर वापरणं ताबडतोब थांबवा. वर काही नवं लिहिलं गेलं नसेल तर काही भाग परत मिळू शकतो, पण त्याची खात्री नाही.

खरी खात्री एकाच गोष्टीची, आधीच काढून ठेवलेल्या प्रतीची. आम्ही आता असं करतो. दर शनिवारी हिशेब पेन ड्राईव्हवर घ्यायचा आणि तो काढून ठेवायचा. लावून ठेवला तर व्हायरस त्यालाही सोडत नाही. हा पेन ड्राईव्ह कार्यालयात नाही, दुसऱ्या वाडीतल्या एका सदस्येच्या घरी असतो. म्हणजे चोरी, आग, वीज पडणं यांतून एक तरी वाचेल. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. आणि महिनाअखेरीला यादी छापून तिच्यावर अध्यक्ष, सचिवांच्या सह्या घ्यायच्या. काकूंना वाचवलं ते कागदाने, हे आम्ही विसरलेलो नाही.

कॉम्प्युटरशेजारी आम्ही एक दोनशे पानी वही बांधून ठेवली आहे. काय बिघडलं, स्क्रीनवर काय दिसलं, काय केलं, किती पैसे गेले, तारखेसह. दुसऱ्यांदा तोच बिघाड आला की वही उघडायची.

मैत्रिणींनो, कॉम्प्युटर दुरुस्त करता आलाच पाहिजे असं आमचं म्हणणं नाही. पण त्याच्या पोटातला हिशेब आपल्या घामाचा आहे. कॉम्प्युटर नवा घेता येतो. कुणाचे पाच हप्ते फिटले, कुणाचे राहिले, ही नोंद बाजारात विकत मिळत नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: "आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे?" उत्तर आलं नाही, तर त्याच दिवशी एक पेन ड्राईव्ह आणा.

बरं, येतो. पुढच्या भागात भेटू या. नमस्कार.